पैठणीचा रंग आणि दोन कॅमेरे: आर५० की झेडव्ही-ई१०?

पार्श्वभूमी

येवल्यातले एक विणकर कुटुंब. मागच्या खोलीत दोन माग, पुढच्या खोलीत दुकान. सासरे अजून मागावर बसतात, थोरला मुलगा रेशीम-जरीची खरेदी आणि हिशेब पाहतो, सून ऑनलाइन विक्री सांभाळते. व्हॉट्सॲपवर फोटो आणि आठवड्यातून एकदा फेसबुक-यूट्यूबवर लाइव्ह, असा तिचा क्रम. धाकटा दीर नाशिकला एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे मदतनीस आहे, त्यामुळे घरात कॅमेऱ्याचे जुजबी ज्ञान आहे आणि एक जुना फ्लॅश-ट्रिगरही (कॅमेऱ्यावर बसवून दूरचा फ्लॅश उडवणारे यंत्र). ओळख लपवण्यासाठी काही तपशील बदलले आहेत.

गोष्ट २०२४ च्या गणपतीनंतरची. दिवाळी आणि पाठोपाठ लग्नसराई तोंडावर होती. कॅमेरा, लेन्स, दिवे, स्टँड असे सगळे धरून एक लाख रुपये बाजूला काढलेले होते. दिराने व्हिडिओ पाहून यादी दोनवर आणली होती: कॅनन ईओएस आर५० आणि सोनी झेडव्ही-ई१०. दोन्ही २४.२ मेगापिक्सेलचे, दोन्हींचा सेन्सर (चित्र टिपणारी चकती) एपीएस-सी या मध्यम आकाराचा, दोन्ही हातात हलके. आर५० फेब्रुवारी २०२३ चा, झेडव्ही-ई१० जुलै २०२१ चा.

अडचण नेमकी काय होती

घरातल्यांच्या मते अडचण एकच होती: "फोनवर फोटो चांगले येत नाहीत." खोदून विचारल्यावर त्यातून तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी, रंगाची. साडी परत येण्याचे सर्वांत मोठे कारण "फोटोत वेगळी दिसत होती" हे होते. त्यातही तक्रारी ठरावीक रंगांच्याच: वांगी, राणी, मोरपंखी. पिवळ्या किंवा पोपटी साडीबद्दल क्वचितच कोणी बोलत असे.

दुसरी जरीची. फोन अनेक फोटो जुळवून एक करतो आणि वर धारही वाढवतो. त्यामुळे काठावरची मुनिया (पोपटांची नक्षी) आणि पदरावरचे मोर खरखरीत, कापून चिकटवल्यासारखे दिसत. रेशमाचा मऊपणा जाई.

तिसरी लाइव्हची. तास-दीड तास फोन तापत असे, मध्येच कोणाचा तरी फोन येई आणि पदर कॅमेऱ्याजवळ नेला की फोकस तिच्या चेहऱ्यावरच अडकून राही.

तुलनेच्या व्हिडिओंमध्ये चर्चा होती ती सेकंदाला किती फोटो, ४के व्हिडिओत चित्राच्या कडा किती कापल्या जातात (क्रॉप), अंधारात नॉइज म्हणजे दाणे किती याची. या घराच्या तीन अडचणींपैकी एकीलाही त्यातले काही लागू पडत नव्हते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय कॅमेरा न घेण्याचा. चांगले दिवे, फोनचा प्रो मोड (सगळे आकडे हाताने ठरवायचा) आणि ट्रायपॉड. हा पर्याय जवळजवळ जिंकलाच होता, आणि ज्यांचे लाइव्ह नाही त्यांनी तो आधी करून पाहावा. इथे तो मागे पडला तो जरीमुळे आणि तासभराच्या लाइव्हमुळे.

दुसरा आर५० आणि १८-४५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी, आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका लहान तितके चित्र रुंद). तिसरा झेडव्ही-ई१० आणि १६-५० किट लेन्स. चौथा, नुकताच जुलैत जाहीर झालेला झेडव्ही-ई१० टू. तो महाग होता आणि त्यात मेकॅनिकल शटरच नाही, म्हणून त्यासोबत फ्लॅश चालत नाही. जुना फ्लॅश वापरायचा विचार तोवर जिवंत असल्याने तो लगेच बाद झाला.

कागदावरची तुलना

दिराने वहीत दोन रकाने आखून वीसेक मुद्दे लिहिले होते. ते खोडायला बसल्यावर निम्म्याहून जास्त गळाले. जे उरले आणि जे गळाले, त्यातले बोलण्यासारखे एवढे:

*लेन्सची रुंदी.* "सोनी १६ पासून सुरू होतो, कॅनन १८ पासून, म्हणजे छोट्या खोलीत सोनी बरा" हा दिराचा मुद्दा होता. टेप घेऊन मोजले. खोली १२ फूट, म्हणजे साधारण ३.६५ मीटर. साडी नेसवायचा पुतळा मागच्या पडद्यापासून पाऊण मीटर पुढे हवा, नाहीतर सावली पडद्यावर पडते. ट्रायपॉड आणि मागचा माणूस यांना ४० सेंटीमीटर. उरले अडीच मीटर. उभ्या फोटोत वर-खाली मोकळी जागा धरून २.२ मीटर उंची मावायला हवी. सेन्सरची लांब बाजू कॅननमध्ये २२.३ मिमी, सोनीत २३.५. अंतराला सेन्सरच्या बाजूने गुणून उंचीने भागले की लेन्स कळते: कॅननला सुमारे २५ मिमी, सोनीला २७. दोन्ही किट लेन्स इथे आरामात पोचतात. १६ आणि १८ चा फरक या खोलीत वापरातच येत नाही. उलट इतक्या रुंद लेन्सने पुतळ्याचे खांदे आणि काठ ताणलेले दिसतात.

*जवळून फोटो.* काठावरच्या नक्षीसाठी हे महत्त्वाचे. सोनीची १६-५० सर्वांत जवळून ०.२१५ पट प्रतिमा देते, म्हणजे चौकटीत साधारण ११ सेंटीमीटर रुंदीचा काठ. कॅननची १८-४५ ऑटोफोकसवर ०.१६ पट, म्हणजे १४ सेंटीमीटर. इथे सोनी पुढे. पण नक्षीचा एक मोर चौकटभर हवा असेल तर दोन्ही अपुऱ्या, मॅक्रो लेन्स लागणारच.

*४के क्रॉप.* झेडव्ही-ई१० च्या प्रत्येक परीक्षणात ही तक्रार असते. ४के ३०पी वर (सेकंदाला ३० चौकटी) चित्र १.२३ पट कापले जाते, हे खरे आहे. पण भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांचा लुकलुकाट टाळायला कॅमेरा पॅलवर (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) ठेवून २५पी आणि १/५० शटर वापरायचे असते. २५पी वर झेडव्ही-ई१० पूर्ण रुंदी वापरतो. म्हणजे वहीतला हा मोठा लाल शेरा आपल्याकडे आपोआपच खोडला जातो.

*लाइव्ह.* यूएसबीची एकच वायर लॅपटॉपला जोडली तर झेडव्ही-ई१० ७२०पी, म्हणजे कमी बारकाव्याचे चित्र देतो, आर५० फुल एचडी. एचडीएमआय कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपला पोचवणारे) घेतले तर हा फरक राहत नाही, पण मग एक डबी, एक वायर आणि बिघडायला एक जागा वाढते. आवाज ऐकत राहण्यासाठी हेडफोनची खाच सोनीला आहे, आर५० ला नाही. माइकची खाच दोघांनाही आहे.

*व्ह्यूफाइंडर.* म्हणजे डोळा लावून चौकट पाहायची खिडकी. आर५० ला आहे, झेडव्ही-ई१० ला नाही. दुकानात याने काही अडत नाही. पण वर्षातून दोन-तीनदा साडी नेसवून बाहेर उन्हात फोटो काढायचे असतात आणि सकाळी अकराच्या उन्हात मागच्या पडद्यावर रंग तर सोडाच, चौकटही नीट दिसत नाही.

*लेन्सची निवड.* सोनीच्या ई-माउंटला (लेन्स बसवायची जोडणी) सिग्मा, टॅमरॉनच्या स्वस्त आणि चांगल्या लेन्स वर्षानुवर्षे आहेत. कॅननने आरएफ माउंट एपीएस-सी साठी या कंपन्यांना २०२४ मध्येच खुला केला. पुढे पाच-सहा लेन्स घेणाऱ्याला हा मुद्दा निर्णायक ठरेल. या घराला किट लेन्स आणि फार तर एक मॅक्रो पुरणार होती.

बॅटरी, वजन, वेग, शरीरातले स्टॅबिलायझेशन (ते दोघांतही नाही) हे सगळे ट्रायपॉडवरच्या, विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला गैरलागू म्हणून खोडले.

कागदावर कौल समसमान होता. इथे बरेच जण रंग किंवा ऑफर पाहून घेऊन टाकतात. या घराने दोन्ही कॅमेरे नाशिकहून दोन-दोन दिवस भाड्याने आणले.

भाड्याचे चार दिवस

चाचणी साधी ठेवली. पाच साड्या: वांगी, राणी, मोरपंखी, डाळिंबी आणि मोतिया. तीन उजेड: दुकानातल्या एलईडी ट्यूब, सकाळी दारातला सावलीतला उजेड आणि उसना आणलेला ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दाखवतो याचा शंभरपैकी आकडा) असलेला एलईडी दिवा. प्रत्येक फोटो दोनदा, एकदा ऑटो व्हाइट बॅलन्सवर (उजेडाच्या रंगाचा तोल कॅमेऱ्यानेच ठरवायचा) आणि एकदा ग्रे कार्डवर (राखाडी पुठ्ठा) कस्टम व्हाइट बॅलन्स करून, म्हणजे तोल हाताने ठरवून. रंगाची शैली कॅननमध्ये 'फेथफुल', सोनीत 'न्यूट्रल'. परीक्षक सासरे: साडी दारात हातात धरायची, शेजारी लॅपटॉप, आणि त्यांनी नुसते बरोबर की चूक सांगायचे. कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे त्यांना सांगितले नव्हते.

ट्यूबखाली दोन्ही कॅमेरे वांगी रंगावर नापास झाले. पहिल्याच फोटोला सासरे म्हणाले, "सूनबाई, हा वांगी कुठला? ही तर शाई." कस्टम व्हाइट बॅलन्सने मोतिया साडी सरळ झाली, वांगी मात्र निळसरच राहिली. दारातल्या उजेडात आणि चांगल्या एलईडीखाली दोन्ही कॅमेऱ्यांचे वांगी आणि राणी पास.

कारण सोपे आहे. वांगी रंग निळा आणि तांबडा दोन्ही परत फेकतो. स्वस्त एलईडी ट्यूबच्या प्रकाशात गडद तांबडा भाग फारच तोकडा असतो. जो प्रकाश साडीवर पडलाच नाही तो परत येणार कुठून? मग निळा तेवढा उरतो. व्हाइट बॅलन्स सगळ्या चित्राचा तोल एकदम हलवतो, गहाळ झालेला रंग भरून काढत नाही. दिवा घेताना सीआरआयबरोबर खोक्यावर आर९ चा आकडा लिहिलेला असतो का पाहावे. गडद तांबड्याचा हिशेब तोच.

दुसरी गोष्ट ऑटो व्हाइट बॅलन्सची. चौकट एकाच रंगाने भरली की कॅमेरा तो रंग म्हणजे उजेडाचाच दोष समजतो आणि उलट बाजूला ओढतो. डाळिंबी साडीच्या पाठोपाठ मोरपंखी काढली की मागचा पांढरा पडदाही दोन फोटोंत दोन रंगांचा दिसे. यातही दोन्ही कॅमेरे सारखेच वागले.

म्हणजे ज्या अडचणीसाठी कॅमेरा घ्यायचा होता तिच्यात दोन कॅमेऱ्यांत निवडण्यासारखा फरकच नव्हता. या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. वहीतल्या वीस मुद्द्यांत दिव्याचे नाव नव्हते.

फरक उघडा पडला तो वापरताना. कस्टम व्हाइट बॅलन्स सोनीत सोपे आहे: मेनूत जाऊन पडद्यावरचे वर्तुळ ग्रे कार्डवर धरायचे आणि बटण दाबायचे. कॅननमध्ये आधी कार्डाचा फोटो काढायचा, मग मेनूत तो फोटो निवडायचा, मग व्हाइट बॅलन्समध्ये कस्टमचे चिन्ह लावायचे. शेवटची पायरी हमखास विसरते. बाकी सगळ्या बाबतींत सुनेला आणि दुकानातल्या मदतनीस मुलीला कॅनन लवकर हाताशी आला, कारण त्याचे सगळे मेनू बोटाने चालतात. झेडव्ही-ई१० च्या पडद्याला बोट लावून फोकस बदलता येतो, मेनू मात्र बटणांनीच फिरवावे लागतात. फोनची सवय असलेल्या माणसाला हे दर पाच मिनिटांनी खटकते.

लाइव्हच्या सरावात 'प्रॉडक्ट शोकेस' हा सोनीचा आणि 'क्लोज-अप डेमो' हा कॅननचा मोड, दोन्ही चालले. पदर पुढे धरला की फोकस पदरावर येतो, खाली केला की चेहऱ्यावर परत जातो. अट एवढीच की वस्तू चेहऱ्यापेक्षा ठळकपणे पुढे हवी. छातीशी धरलेल्या पदराकडे दोन्ही कॅमेरे दुर्लक्ष करतात.

आणि मग फ्लॅश. दिराने आपला जुना ट्रिगर आर५० वर बसवला, बटण दाबले, काही नाही. पुन्हा बसवला, सेल बदलले. "वहिनी, हा तर उडतच नाही." ट्रिगर ठीक होता. आर५० च्या माथ्यावरचा मल्टी-फंक्शन शू (फ्लॅश बसवायची खाच) नव्या पद्धतीचा आहे. नेहमीच्या हॉट-शूमध्ये मध्यभागी जो संपर्काचा ठिपका असतो तो त्यात नाही. जुने फ्लॅश आणि ट्रिगर जोडायला एडी-ई१ नावाचा ॲडाप्टर वेगळा घ्यावा लागतो. झेडव्ही-ई१० वर सोनीला चालणारा नेहमीचा ट्रिगर लगेच उडतो. परीक्षणांत हा मुद्दा असलाच तर एका ओळीत उरकलेला असतो, आणि ज्याच्या घरी फ्लॅश आहे त्याला तो खरेदीनंतरच कळतो.

निर्णय

फ्लॅशच्या प्रसंगानंतर पारडे सोनीकडे झुकले होते. पण प्रश्न वेगळा विचारला गेला: फ्लॅश हवाच कशाला? लाइव्हला सतत पेटणारे दिवे लागणारच. त्याच दिव्यांत फोटो निघत असतील तर फ्लॅश ही दुसरी, समांतर व्यवस्था झाली आणि रंगाचा हिशेब दोनदा मांडावा लागेल. पुतळा हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, त्यामुळे शटर १/१५ (सेकंदाचा पंधरावा भाग) असले तरी बिघडत नाही. फ्लॅश वगळला आणि सोनीची ती आघाडी संपली.

उरलेले तीन मुद्दे आर५० कडे होते: बोटाने चालणारे मेनू, एका वायरवर फुल एचडी लाइव्ह आणि उन्हासाठी व्ह्यूफाइंडर. सोनीकडे हेडफोनची खाच, किट लेन्सचे जरा जवळून फोटो आणि लेन्सची मोठी बाजारपेठ. या घरासाठी आर५० ठरला. तेवढ्याच पैशात, तेवढ्याच काळजीने, दुसऱ्या घरासाठी झेडव्ही-ई१० ठरला असता. ज्याच्याकडे आधीच दोन स्टुडिओ फ्लॅश आहेत किंवा ज्याला एफ/१.४ ची (भरपूर उजेड घेणारी) लेन्स घेऊन रील करायची आहेत, त्याने उलट निवड करावी.

आर५० आणि १८-४५ यांच्यानंतर उरलेले पैसे दिव्यांत घातले. दुसरी लेन्स, मोठी बॅग, महागडे कार्ड असले काही घेतले नाही.

खरेदी आणि मांडणी

बिलाचा मुद्दा इथे वेगळा काढावा लागेल, कारण दोन कॅमेऱ्यांच्या किमतीतल्या फरकापेक्षा तो मोठा निघू शकतो. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. ७० हजारांच्या बिलात कराचा वाटा सुमारे १० हजार ६७८ रुपये. दुकान नियमित जीएसटीत नोंदलेले असेल आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक असेल तर त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे तेवढा कर आपल्या भरायच्या करातून वजा होतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांची सोपी कर योजना) असलेल्याला ते मिळत नाही. सून सणाच्या ऑनलाइन ऑफरमध्ये आपल्या नेहमीच्या खात्यावरून मागवणार होती. ते बिल तिच्या व्यक्तिगत नावाने आले असते. नवऱ्याने वेळीच थांबवले आणि नाशिकच्या अधिकृत विक्रेत्याकडून धंद्याच्या नावाने घेतले. विनाबिल "आयात माल" चार-पाच हजारांनी स्वस्त सांगितला जातो, त्यात क्रेडिटही जाते आणि भारतातली वॉरंटीही.

मांडणी अशी झाली:

दुकानातल्या ट्यूब फोटोच्या वेळी बंद, खिडकीला जाड पडदा. दोन प्रकारचा उजेड मिसळला की कोणताही व्हाइट बॅलन्स दोन्हींना बरोबर करू शकत नाही. ६० वॅटचे दोन सीओबी एलईडी (एका चिपवर अनेक एलईडी असलेले दिवे), ५६०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा रंग), सीआरआय ९५ च्या वर, पुढे सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारे कापडी खोके). पुतळ्यापासून सव्वा ते दीड मीटर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर. जरी चमकवायची असेल तर एका बाजूचा दिवा आणखी कडेला सरकवून दुसऱ्याचा जोर निम्मा करायचा. दोन्ही दिवे समोरून सारखे पडले तर जरी पिवळ्या सुतासारखी सपाट दिसते.

कॅमेरा मॅन्युअलवर: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८, शटर १/१५ च्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर, ट्रायपॉडवर लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) एकदा ठरले की साडीगणिक बदलायचे नाही. ऑटोवर ठेवले तर काळी चंद्रकळा राखाडी होते आणि मोतिया मळकी. फोकस एका बिंदूवर, नाहीतर कॅमेरा पुतळ्याचा चेहरा शोधून त्यावर जातो. रंगपट्टा एसआरजीबी, ॲडोबी आरजीबीत काढलेला फोटो अनेक फोनवर फिका दिसतो.

विणीवर कधी कधी लाटांसारखे खोटे पट्टे दिसतात, कारण धाग्यांची घनता आणि सेन्सरच्या ठिपक्यांची घनता जवळपास येते. ट्रायपॉड पंधरा-वीस सेंटीमीटर पुढे-मागे केला किंवा पदर किंचित तिरका धरला की ते जातात. सॉफ्टवेअरमध्ये काढत बसण्यापेक्षा हे सोपे.

लेन्स मागाच्या खोलीत काढायची नाही, असा घरात नियमच केला. रेशमाचे सूक्ष्म तंतू हवेत असतात आणि आर५० चा सेन्सर लेन्स काढताच उघडा पडतो.

पुढे काय झाले

पहिली लाइव्ह फसली. लॅपटॉपवर कॅमेरा दिसेचना. वायर फोनच्या चार्जरची होती, नुसती वीज नेणारी. डेटा नेणारी वायर आणल्यावर कॅमेरा लगेच दिसला. दुसऱ्या लाइव्हला कॅमेरा मध्येच झोपला, कारण ऑटो पॉवर-ऑफ चालूच होते. नंतर डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, थेट विजेवर चालणारी) बसवली. स्वस्तातली पहिली डमी पुरेशी वीज देत नव्हती आणि कॅमेरा अचानक बंद पडे. बदलून घ्यावी लागली. राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घेतले, कारण येवल्यात लाइव्हच्या वेळा आणि वीज जाण्याच्या वेळा कधी कधी जुळतात. पंखा बंद ठेवायचा: माइकमध्ये घरघर येते आणि पदर हलतो.

आर५० ला हेडफोनची खाच नसल्याची उणीव जाणवली. एकदा माइकची पिन अर्धवट बसली होती आणि आवाज येत नाही हे ग्राहकांच्या संदेशांवरून कळले. आता लॅपटॉपवर ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमधली आवाजाची पट्टी हलते का हे मदतनीस मुलगी बघत बसते.

रंगाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. राहिलेल्या दोन प्रकारच्या आहेत. एक, ग्राहकाच्या फोनचा पडदा 'व्हिव्हिड' मोडवर असतो आणि राणी रंग भडक दिसतो. त्यावर इकडून उपाय नाही. दोन, धूपछाँव साड्या. यात ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कोन बदलला की साडीचा रंगच बदलतो. अशा साडीचा एकच बरोबर फोटो असूच शकत नाही. आता तिचे दोन फोटो जातात, दिवा डावीकडे आणि दिवा उजवीकडे, आणि पदर सावकाश वळवतानाचा छोटा व्हिडिओ. व्हॉट्सॲपवर फोटो एचडी पर्याय निवडून पाठवायचे, नाहीतर जरीचे बारीक काम दाबले जाते.

काय वेगळे करता आले असते

दिवे आधी घ्यायला हवे होते. चांगल्या दिव्यांखाली फोनने पंधरा दिवस काम करून पाहिले असते तर रंगाची अडचण कॅमेऱ्याआधीच सुटली असती आणि मग कॅमेरा निवडताना फक्त जरी आणि लाइव्ह एवढेच प्रश्न उरले असते. कदाचित कॅमेरा लग्नसराईनंतर घेतला असता. सणाची घाई हे इथले खरे दडपण होते.

भाड्याचा कॅमेरा आणताना घरातले सगळे जोडसामान पहिल्याच तासात लावून पाहायला हवे होते: ट्रिगर, माइक, वायर, लॅपटॉप. ट्रिगर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावला गेला. तो लावायचा राहिला असता तर फ्लॅशवर आधारलेली सगळी योजना खरेदीनंतर कोसळली असती. यूएसबीची चूकही तेव्हाच सापडली असती, कारण लाइव्हचा सराव दिराच्या लॅपटॉपवर आणि दिराच्या वायरने झाला होता, दुकानातल्यांवर नाही.

जवळच्या फोटोंचा प्रश्न अर्धवटच राहिला आहे. चौदा सेंटीमीटरचा काठ विक्रीला पुरतो, पण मोराच्या पिसातला एकेक धागा दाखवायचा तर आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो लागेल. ती अर्ध्या पटीपर्यंत जाते, म्हणजे साधारण साडेचार सेंटीमीटरची चौकट. सोनीकडे ई ३० मिमी एफ/३.५ मॅक्रो स्वस्त आहे आणि पूर्ण एकास एक देते, पण तेव्हा लेन्सचे तोंड कापडापासून दोन-अडीच सेंटीमीटरवर येते आणि लेन्सचीच सावली जरीवर पडते. म्हणून या एका मुद्द्यावर सोनी घ्यायला हवा होता असे म्हणता येत नाही. कॅननची मॅक्रो घ्यायची की नाही हे लग्नसराईच्या हिशेबानंतर ठरणार आहे, आणि या वेळी ती आधी दोन दिवस भाड्याने येईल.